हाताची घडी, तोंडावर बोट

समोरचा माणूस मोबाईलवर भलतंच बटण शोधत असला की माझा हात शिवशिवतो. आईचा फोन, शेजारच्या काकांचा फोन, एकदा तर बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईंचा फोनसुद्धा मी हिसकावून घेतलेला आहे. "आणा इकडे, मी करून देते." दोन सेकंदांत काम होतं, फोन परत जातो, माणूस थँक्यू म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडतो. असा माझा स्वभाव. आणि पोटासाठी काम कोणतं धरलं, तर शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला शिकवण्याचं. देवाला त्या दिवशी गंमत करायची लहर आली असावी.

माझं बालपण कोराडीच्या वसाहतीत गेलं. वडील तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्रात होते. दोरीवरचे वाळलेले कपडे झटकून, राख उडवून घरात आणायचे ही माझी लहानपणची ड्यूटी होती आणि मी ती तावातावाने करायची. आई म्हणायची, "कपडे झटकून राहिली का भांडून राहिली वं?" तो ताव अजून गेलेला नाही.

तीनेक वर्षांपूर्वी एका संस्थेने जिल्ह्यातल्या काही लहान शाळांना पॅनल दिले. पॅनल म्हणजे भिंतीवरचा मोठा टीव्हीच, फक्त बोट लावलं की ऐकणारा. त्यावर लिहिता येतं, चित्रं दाखवता येतात, पुस्तकाचं पान उघडता येतं. पॅनल भिंतीला लागले, फोटो निघाले, आणि मग ते शिक्षकांना शिकवायला माणूस हवा म्हणून मला नेमलं. माझ्याकडे पारशिवनी तालुक्यातल्या नऊ शाळा आल्या. नागपूरहून सकाळी निघायचं, वाटेत तर्री पोहे खायचे आणि मोपेडवर धूळ खात शाळा गाठायची.

त्या नवांतली सगळ्यांत लहान शाळा दोन खोल्यांची होती. चार वर्ग, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका तरुण सरांकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापिकांकडे. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. सडसडीत बांधा, घट्ट अंबाडा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. निवृत्तीला एक वर्षही उरलेलं नव्हतं. त्यांचं फळ्यावरचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला छापील तक्ता लावलाय असं वाटलं होतं.

आणि त्या फळ्याच्या शेजारी आमचा पॅनल होता. त्यावर मोर भरलेला टेबलक्लॉथ पांघरलेला, चारी कोपऱ्यांना सेफ्टी पिना.

"आम्ही त्याचा योग्य तो सांभाळ करीत आहोत," मोठ्या बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या. साहेबलोकांशी बोलायची त्यांची ही खास भाषा होती आणि मी त्यांच्या लेखी साहेबच होते.

मी पिना काढल्या, मोर बाजूला केला आणि दोन तास शिकवलं. म्हणजे तेव्हा मला वाटलं की शिकवलं. खरं तर मी भराभर दाबत गेले आणि त्या दोघांनी बघितलं. मोठ्या बाईंनी एकदा बोट पुढे केलं, ते अर्ध्यावर रेंगाळलं, तर मी म्हटलं, "राहू द्या, मी दाखवते." शेवटी विचारलं, "समजलं?" त्या म्हणाल्या, "समजलं." मी गावाबाहेर पोहोचायच्या आत मोर पुन्हा जागेवर गेला असणार, याची मला खात्री होती.

राग माझ्या नाकावर असतो, हे घरचे सांगतात ते खोटं नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून मी लगेच संस्थेचा अहवाल भरला. शेरा या रकान्यात लिहिलं: "मुख्याध्यापिका शिकण्यास इच्छुक नाहीत. पॅनल दुसऱ्या शाळेत हलवणे योग्य राहील." पाठवलं, चहा संपवला आणि विसरून गेले. सप्टेंबर महिना होता.

आज वाटतं, त्या बाईंना मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. आपण सगळेच म्हणतो की शिक्षकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते. अरे बाप्पा, भीती? ज्या माणसांच्या फोनमध्ये हजेरीचं एक ॲप, खिचडी किती मुलांनी खाल्ली त्याचं दुसरं, मुलांच्या आधारचं तिसरं, स्वतःच्या प्रशिक्षणाचं चौथं, आणि हे सगळं एका काडीच्या नेटवर्कवर, शाळेमागच्या चिंचेखाली हात उंच करून भरायचं, ती माणसं घाबरट? त्यांना भीती बटणाची नव्हतीच. मुलांसमोर चुकायची होती. तीसपस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून कमावलेली इज्जत माझ्यासारखी कुणी दोन तासांत घालवेल, याची होती. आणि माझ्यासारखीच्या बाबतीत ती रास्त होती.

मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. हा त्यांचा पहिलाच फोन.

"मॅडम, एक अडचण उद्भवली आहे. पॅनल बंद करता येत नाही."

"उजवीकडे खाली बटण आहे ना, ते दाबून धरा."

"बटण ठाऊक आहे. बंद करता येत नाही."

"बिघडलंय का?"

"नाही. त्यावर सरस्वती आहे."

झालं होतं असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. मुलं आपापल्या पाटीवर एक या आकड्याने सरस्वती काढतात. म्हणजे रेघा ओढायच्या नाहीत, एकाशेजारी एक असे एक लिहीत त्यातूनच चित्र उभं करायचं. त्या वर्षी मुलांनी धोशा लावला की पॅनल पण पाटीच आहे, त्याची पण पूजा पाहिजे. मोठ्या बाईंनी मोर काढला, सरांनी पॅनल सुरू करून दिला आणि बाईंनी बोटाने पाऊण तास खपून सरस्वती काढली. झेंडूची माळ लागली, चौकटीला कुंकू लागलं, सगळ्यांनी नमस्कार केला. आणि मग शाळा सुटताना प्रश्न उभा राहिला. बंद केलं तर सरस्वती पुसली जाणार. पाटीवरची प्रत्येकजण आपापली पुसतो, नमस्कार करून, ओल्या फडक्याने. पण ही सगळ्या शाळेची. हिला कोण पुसणार?

कुणीच पुसली नाही. पॅनल तसाच चालू राहिला. दसऱ्याच्या सुट्टीतही बाई दोनदा शाळेत येऊन, अंधारलेल्या पडद्याला बोट लावून, आहे ना म्हणून बघून गेल्या. नशिबाने लाईट गेली नाही.

मी पोहोचले तेव्हा वर्गाच्या दाराबाहेर चपलांची रांग होती. आत सरस्वती झळकत होती. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. इतकी साधी गोष्ट, आणि तीन दिवस यंत्र तापतंय!

"अहो बाई, सेव्ह करायचं असतं. व्हा बाजूला, मी करून देते."

आणि मी करून दिलं. पडद्यावर चौकट आली, ठेवायचं की नाही म्हणून. मी न वाचता दाबलं. सवयीने. चुकीचं.

पडदा पांढरा झाला.

वीसबावीस मुलांनी एकदम श्वास आत घेतला तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढच्या रांगेतली एक पोरगी तर चक्क उभी राहिली. माझं बोट अजून पडद्यावरच होतं. 

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं साहेबाकडे पाहण्याचं नव्हतं. मी त्यांच्या तिसरीच्या वर्गात कधी दाखल झाले, मला कळलंच नाही.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. मॅडम नाही, अहो नाही. "रांगेत बस."

मी मुलांच्या बसायच्या पट्टीवर, रांगेच्या टोकाला बसले.

"हाताची घडी. तोंडावर बोट."

मला वाटलं, चेष्टा. चेहरा पाहिला, तर चेष्टेचा लवलेश नव्हता. मी घडी घातली. बोट तोंडावर ठेवलं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी. शेजारचा मुलगा माझ्याकडे पाहून फिदीफिदी हसला, तर त्यालाही तेच सांगितलं गेलं.

"आता मी पुन्हा काढणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "विचारेन तेव्हाच बोलायचं. आणि पॅनलला हात लावायचा नाही."

त्या काढू लागल्या. एक, एक, एक. मुकुट झाला, कान झाले, तिच्या मोराची मान सुरू झाली. मध्येच दुसरं बोट टेकलं, दोन्ही बोटं एकमेकांपासून सरकली, आणि सरस्वती धाडकन मोठी झाली. इतकी, की मुकुट वर निघून गेला आणि पडदाभर पंधरावीस एकचे आकडे तेवढे उरले. हातहातभर उंच.

बाई दचकून मागे सरल्या. मला ते दोन बोटांचं गणित माहीत होतं, सांगायला जीभ वळवळत होती, पण बोट तोंडावर होतं.

आणि ती उभी राहिलेली पोरगी ओरडली, "बाई, हे एक हायेत! सगळे एकच एक हायेत!"

वर्गाला काही समजलं नाही. एकचे आकडे तर होतेच. सगळ्यांना पहिल्यापासून दिसत होते. मोठ्या बाईंना मात्र समजलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी दोन बोटं हळूच पडद्याला लावली आणि जवळ आणली. चित्र लहान झालं.

"आता?"

"आता नाई दिसत. रेघ दिसते."

बोटं लांब.

"आता?"

"आता एक."

पुन्हा जवळ, पुन्हा लांब. पाचसहा वेळा.  माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आणि पुसायची सोय नव्हती, कारण हाताची घडी होती.

त्या दिवशी सेव्ह करायला मी तोंडाने शिकवलं. बाईंनी कपाटातून दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर आपल्या शब्दांत लिहिलं: "उजवीकडे खाली, पेटीसारखे चित्र. त्यात सरस्वती ठेवावी. चौकट विचारते, ती आधी वाचावी." शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली.

मुलं खिचडी खायला गेली तेव्हा आम्ही व्हरांड्यात बसलो. तिथे मोठ्या बाई पहिल्यांदा माझ्याशी आपल्या बोलीत बोलल्या.

"ते पोट्टी पायली ना तू? जन्मापासून नजर कमी आहे तिची. नागपूरले मोठ्या दवाखान्यात दोनदा नेलं. चष्मा देल्ला, पण डॉक्टर म्हणे, चष्म्यानं जेवढं होते तेवढंच होईन. पयली-दुसरीत दोन वर्षं ना सरले समजलं ना मले वं, का तिले वाचता येत नाई. कान असा तेज, का एकदा ऐकलं का पाठ. पुस्तक हातात घेऊन धडा घडाघडा म्हणे. एक दिवस पायलं, तर पान पलटवाच्या आधीच पुढचं वाचून राहिली!"

तेव्हापासून बाई रोज संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड मार्करने तिच्यासाठी धडा लिहून आणत. एका पानावर एक शब्द, फार तर दोन. कपाटात खालच्या कप्प्यात त्या पानांची चळत होती, गुडघ्याइतकी. सगळ्या गावाची कॅलेंडरं त्यात होती. मी ती पानं एकेक करून चाळली. ही बाई शिकायला तयार नाही, असं मी लिहून मोकळी झाले होते.

"मे महिन्यात मी रिटायर होऊन राहिली," बाई म्हणाल्या. "नवीन कोन येईन, कसा येईन. त्यानं काहून बसावं रोज लिहीत? आजपर्यंत तेच एक डोक्यात होतं, का माझ्यानंतर ह्या लेकराचं कसं. आज त्या पाटीनं जवाब देल्ला. मले शिकव तू. पन अशी शिकव, का मी तिले शिकवू शकीन. तिनं तिच्या हातानं केलं पायजे."

"शिकवते," मी म्हटलं.

"हाताची घडी घालून."

"हाव," मी म्हटलं. ट्रेनिंगमध्ये मी प्रमाण बोलते, पण 'हो'च्या जागी घरचं 'हाव' आपोआप निघालं.

दर गुरुवारी मी जाऊ लागले. सोपं होतं असं कुणी समजू नये. पुस्तकाच्या पानाचा फोटो मोबाईलवर काढायचा, वायर जोडायची, फोटो पॅनलवर आणायचा, उघडायचा. मी हे डोळे मिटून करते. पहिल्या गुरुवारी मोठ्या बाईंना साडेबारा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत, ओठ चावत, घडी घालून बसले होते. आईशप्पथ सांगते, इतकं कष्टाचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. एकदा त्या योग्य चित्रावर बोट नेऊन पुन्हा मागे घेत, पुन्हा नेत, तेव्हा माझा हात घडीतून सुटलाच. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "घडी." मागे डोळे असतात या बायांना.

पण त्या साडेबारा मिनिटांत त्या काय करतात ते मला हळूहळू दिसायला लागलं. त्या प्रत्येक चित्र वाचत. मी ज्याला चाचपडणं समजत होते, तो वाचण्याचा वेग होता. चुकलं की वहीत लिहीत: "इथे चुकले. कारण घाई." पॅनलशी त्या पुस्तकी मराठीत बोलत, अगदी आदराने. "कृपया थांबा. आम्हाला मागील पान हवे आहे." मुलांनाही तीच सवय लागली. एका गुरुवारी गेले तर चौथीतला एकजण पडद्यासमोर हात जोडून म्हणत होता, "कृपया उघडावे."

डिसेंबर सरेपर्यंत साडेबाराची तीन मिनिटं झाली. मोराचा टेबलक्लॉथ मधल्या सुट्टीपुरता उरला. मग बाईंनी त्या पोरीला शिकवायला घेतलं, आणि ते बघायला मी नोकरी सोडूनही गेले असते. पहिल्या आठवड्यात फक्त दोन बोटं. मोठं कर, लहान कर. दुसऱ्या आठवड्यात सरकवणं, कारण अक्षर मोठं झालं की ओळीचा उरलेला भाग पडद्याबाहेर पळतो आणि तो पकडून आणावा लागतो. ती पडद्याला नाक लावून उभी राहायची, एकेक अक्षर ओढून आणायची. चुकली की बाईंकडे बघायची. बाई खुर्चीवर, हाताची घडी घालून. काही सांगायच्या नाहीत. तिला रडू यायचं, तरी नाही. मी न राहवून एकदा म्हटलं, "बाई, एवढं तरी सांगा ना."

"सांगतलं तर माझं होईन," त्या म्हणाल्या. "तिचं व्हाले पायजे."

तेव्हापासून माझ्या बाकीच्या आठ शाळांतही मी खुर्ची मागे ओढून बसायला लागले. एका शाळेतल्या सरांनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का तुम्हाला?"

फेब्रुवारीत संस्थेचा निरोप आला. ज्या शाळांत वापर होत नाही तिथले पॅनल तालुक्याच्या मोठ्या शाळेत हलवायचे होते. यादीत पहिलंच नाव या शाळेचं. कारणाच्या रकान्यात माझंच वाक्य, शब्दशः. सप्टेंबरातलं. मी फोन केले, नवीन अहवाल पाठवले, हात जोडले. एवढंच मिळालं की तालुक्याचे शिक्षण खात्यातले साहेब स्वतः येऊन एक तास बघतील आणि मग ठरवतील.

मोठ्या बाईंना सांगणं भाग होतं. मी व्हरांड्यात उभी राहून सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. लाज वाटत होती, त्यामुळे भरभर सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खोटं कुठी लिहिलं तू? तवा मले शिकाचंच नव्हतं. तुह्यासारखीपाशी तर नाईच नाई." आणि हसल्या. "येऊ दे साहेबाले."

साहेब आले ते एका शुक्रवारी. जाडजूड, घाम पुसत, चेहऱ्यावर काही कळू न देणारे. मागे बाकावर बसले. मी भिंतीला टेकून उभी. बाईंनी तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा नकाशा दाखवला, पेंच नदी बोटाने गिरवली, चौथीला त्याच नकाशावर अंतरं काढायला लावली. एक वर्ग बोलका, एक वर्ग लिहिता, मध्ये पॅनल. छान चाललं होतं. मग त्यांनी त्या पोरीला पुढे बोलावलं आणि तिने धड्याचं पान मोठं करून वाचलं.

साहेब म्हणाले, "पाठ असेल."

म्हणण्यात वाकडेपणा नव्हता. शंका रास्तच होती, दोन वर्षं बाईसुद्धा फसल्या होत्या. साहेबांनी खिशातून पेन काढलं, डायरीचं एक पान फाडलं, त्यावर एक ओळ लिहिली आणि बाईंना दिलं. "हे वाचू द्या."

बाईंनी त्या चिठ्ठीकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यांनी मोबाईल काढला, फोटो घेतला, वायर जोडली. आणि फोनवर एक चौकट उघडली, जी आधी कधी आली नव्हती. फोनने आदल्या रात्री स्वतःला नवीन करून घेतलं होतं. चौकट इंग्रजीत. वहीत नव्हती.

बाई थांबल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला भिंतीपासून ती चौकट दिसत नव्हती, पण माहीत होती. तीन पावलं, एक बोट, संपलं. पॅनल गेला तर माझ्यामुळे जाणार होता. माझा पाय उचलला गेला.

"हाताची घडी!" मोठ्या बाई कडाडल्या. "तोंडावर बोट!"

वीसबावीस मुलांनी घडी घातली. पहिली-दुसरीचे सर दारात उभे होते, त्यांनी घातली. मी घातली. आणि बाकावरच्या साहेबांचे दोन्ही हात छातीशी येऊन, बोट ओठांपर्यंत पोहोचलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांनी ते खाली घेतलं नाही.

वर्गात चिमणीचा आवाज येत होता. मोठ्या बाई त्या पोरीसारखंच फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर लावत होत्या. "अ... ला... ऊ." मग पुटपुटल्या, "परवानगी मागून राहिलास का रे बाप्पा? देल्ली." आणि बोट टेकवलं.

चिठ्ठी पडद्यावर आली. साहेबांचं अक्षर मुंगीएवढं. मला लांबून लागेना.

पोरगी पडद्यापाशी गेली. दोन बोटं टेकवली आणि लांब केली. पुन्हा एकदा केली. एक अक्षर हातभर झालं.

"पॅ," ती म्हणाली. सरकवलं. "न. ल. पॅनल."

पुढचा शब्द बराच वेळ घेत आला. "इ... थे... च. इथेच."

मी साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. तोवर चौथीतल्या मुलांना ओळ लागली होती, सगळ्यांचे चेहरे फुलले होते, कुणी तोंडावरचं बोट दाताखाली धरलं होतं. एकच शब्द उरला होता आणि ती नेमकी तिथेच अडली. अक्षर पडद्याबाहेर पळालं. तिने ओढलं, तर भलतीकडेच गेलं. तिने मान वळवून बाईंकडे पाहिलं.

मोठ्या बाईंचा हात पुढे गेला होता. मी पाहिला. तीनेक फूट अंतर, एक बोट, संपलं. मग तो हात परत आला, दुसऱ्या हातात अडकला, आणि एक बोट त्यांनी स्वतःच्याच ओठांवर ठेवलं. डोळे वाहत होते, ते पुसले नाहीत.

पोरगी पुन्हा वळली. शोधलं. पकडून आणलं. मोठं केलं, अजून मोठं.

"रा. ही. ल," ती म्हणाली. आणि मग सगळं मिळून, मोठ्याने, "पॅनल इथेच राहील."

मुलांनी गलका केला. साहेब उठून उभे राहिले, सर टाळ्या वाजवत होते, मी काय करत होते मला आठवत नाही. मोठ्या बाई तेवढ्या तशाच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. तोंडावरचं बोट काढायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.